दादीला 'दमा' म्हणू नका

दर ३१ मेला, तंबाखूविरोधी दिनाला, आपल्या मोहल्ल्याच्या ग्रुपवर तेच चित्र फिरतं. एका बाजूला गुलाबी फुप्फुस, दुसऱ्या बाजूला कोळशासारखं काळं. खाली एखादी ओळ: सिगारेट सोडा, जान वाचवा. कोणी अंगठा टाकतं, कोणी 'बेशक' लिहितं, आणि चित्र टाकणारा संध्याकाळी टपरीवर धूर काढत उभा दिसतो. ते सोडा. माझं भांडण त्या पोराशी नाही, त्या चित्राशी आहे.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. छातीच्या विकारांच्या ओपीडीत नऊ वर्षं रुग्णांना श्वास सोडायला आणि चालायला शिकवते आहे. माझ्यासमोर येऊन बसणाऱ्या बायकांपैकी बहुतेकींनी जन्मात विडीला हात लावलेला नसतो. नकाब वर करून, एका वाक्यात दोनदा थांबून त्या सांगतात, "बाजी, चार पावलं चाललं की दम भरतो." जुन्या चिठ्ठ्यांवर कुठे 'दमा' लिहिलेलं असतं, कुठे 'ॲलर्जी', कुठे नुसतं 'वयोमान'. सोबत आलेला नातू इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला असतो. तो मला ठामपणे सांगतो, "दादीला जुना दमा आहे." कोणत्या तपासणीवरून, असं विचारलं की पिशवीतून एक्स-रे काढतो. एक्स-रेवरून हे ठरत नाही, हे त्याला आजवर कोणी सांगितलेलं नसतं.

यातल्या पुष्कळ दादींना दमा नसतो. त्यांना सीओपीडी असतो. मराठीत त्याला दीर्घकालीन श्वसनमार्ग-अवरोध वगैरे म्हणतात, पण ते नाव ओपीडीत कोणी उच्चारत नाही. सगळे सीओपीडीच म्हणतात, आपणही तेच म्हणू. जागतिक आरोग्य संघटनेच्या हिशेबात २०१९ साली जगात सर्वाधिक माणसं मारणाऱ्या कारणांत हा तिसऱ्या क्रमांकावर होता. त्या एका वर्षात ३२ लाखांहून जास्त मृत्यू. एवढ्या मोठ्या आजाराला आपल्या घरात नाव नाही, आणि नाव नसल्यामुळे त्याचा जाब कोणाला विचारायचा हेही कळत नाही. माझा सगळा राग तिथून सुरू होतो.

आधी आजार समजून घ्या, मग भांडू. श्वासनलिका झाडासारखी फांद्या-फांद्यांत विभागत जाते. टोकाला अगदी बारीक नळ्या आणि त्यांना लागून हवेच्या पिशव्या. वर्षानुवर्षं धूर किंवा धूळ आत जात राहिली की या बारीक नळ्यांच्या भिंती सुजून जाड होतात, आत कफ साठतो, आणि पिशव्यांच्या मधल्या भिंती फाटून त्यांचा ताण जातो. जुन्या इलॅस्टिकसारखं होतं, ताणलं जातं पण परत आखडत नाही. परिणाम असा की हवा आत जाते, पण पुरती बाहेर येत नाही. रुग्ण म्हणतो, "श्वास आत घेता येत नाही." खरं तर जुनी हवा आतच अडकून बसलेली असते, नव्या हवेला जागाच नसते. म्हणून आम्ही पहिली गोष्ट शिकवतो ती श्वास सोडायची: नाकाने घ्यायचा, आणि शीळ घालताना करतो तसे ओठ करून, घेतला त्याच्या दुप्पट वेळ हळूहळू सोडायचा. फुकटचं काम आहे, आणि पहिल्याच दिवशी फरक जाणवतो.

दम्याचं वेगळं आहे. तो बहुतेकदा लहानपणी किंवा तरुणपणी सुरू होतो, येतो-जातो, दोन झटक्यांच्या मध्ये माणूस ठणठणीत असू शकतो. औषधाने नळ्या बऱ्याच अंशी पूर्ववत उघडतात. सीओपीडी साधारण चाळिशीनंतर उमटतो, हळूहळू वाढतो, आणि गेलेलं फुप्फुस परत येत नाही. काहींना दोन्ही असतात, म्हणून तर तपासणी लागते. 'दमाच आहे, जुना आहे' म्हणून आपण जेव्हा हात झटकतो, तेव्हा जो आजार दरवर्षी पायरी-पायरीने खाली नेतो आहे त्याला आपण येऊन-जाऊन राहणारा पाहुणा समजत असतो.

आणि तो दिसत नाही, कारण माणूस आपलं जगणं त्याच्या मापाचं करून घेतो. अब्बा आधी मशिदीच्या वरच्या मजल्यावर जायचे, मग खालीच थांबू लागले. तरावीह वीस रकात व्हायची, मग आठवर घरी येऊ लागले. सिजद्यात वाकलं की दम कोंडतो म्हणून मागच्या रांगेत खुर्ची आली. आपण समजलो गुडघे दुखतात. अम्मीने बाजारात जाणं सोडलं, आपण म्हणालो, आता तिला गर्दी आवडत नाही. सपाट रस्त्यावर आपल्याच वयाच्या माणसाच्या बरोबरीने चालता येत नाही, शंभरेक मीटरवर थांबावं लागतं, कपडे बदलतानाही धाप लागते, या डॉक्टरांच्या धापेच्या मोजपट्टीवरच्या चढत्या पायऱ्या आहेत. तुमच्या घरातलं माणूस कितव्या पायरीवर आहे, हे तुम्ही आज संध्याकाळी त्यांच्यासोबत मशिदीपर्यंत चालून पाहू शकता.

आता त्या काळ्या फुप्फुसाच्या चित्राकडे येते. ते चित्र सांगतं, हा आजार चुकीच्या सवयीचा आहे. ज्याने धूर ओढला त्याने भोगावं. अर्धी गोष्ट खरी आहे, आणि अर्ध्या खऱ्या गोष्टीने उरलेले सगळे सुटतात. पुण्याचे डॉ. संदीप साळवी आणि लंडनचे पीटर बार्न्स यांनी २००९ साली 'लॅन्सेट'मध्ये लिहिलं की जगातल्या सीओपीडीच्या रुग्णांपैकी अंदाजे २५ ते ४५ टक्के लोकांनी कधीच धूम्रपान केलेलं नसतं. २०१८ साली 'लॅन्सेट ग्लोबल हेल्थ'मध्ये भारताचा राज्यवार हिशेब आला. १९९० साली देशात सीओपीडीचे सुमारे २ कोटी ८१ लाख रुग्ण होते, २०१६ पर्यंत ते ५ कोटी ५३ लाख झाले. या आजारामुळे देशात जेवढं निरोगी आयुष्य वाया जातं, त्यातल्या ५३.७ टक्क्यांमागे हवेचं प्रदूषण होतं, घरातलं आणि बाहेरचं मिळून. तंबाखूचा वाटा २५.४ टक्के, आणि कामाच्या ठिकाणच्या धूळ-धुराचा १६.५ टक्के.

म्हणजे आपल्या देशात तंबाखूच्या दुप्पट वाटा हवेचा आहे. आणि आपण चित्र फिरवतो ते सिगारेटचं.

फुंकणी आठवते का? नसेल आठवत तर गावच्या घरी माळ्यावर बघा, लोखंडी नळी सापडेल. त्या नळीने तीस-चाळीस वर्षं चूल पेटती ठेवणारी बाई रमजानमध्ये पहाटे तीनला उठून सहरीसाठी धुरात बसायची, आणि असरनंतर इफ्तारसाठी परत बसायची. पाठीवर किंवा मांडीवर लेकरू. त्या लेकराचं फुप्फुसही त्याच धुरात वाढत होतं. फुप्फुसाची वाढ साधारण विशी-पंचविशीपर्यंत होते, त्यानंतर उतरण सुरू. लहानपणी जे कमी वाढलं ते पुढे भरून निघत नाही. तेव्हा हा म्हाताऱ्यांचा आजार म्हणून तुम्ही बाजूला ठेवू नका, त्याची पेरणी पाळण्यापासून होते.

उज्ज्वला योजना १ मे २०१६ ला सुरू झाली, गॅसच्या शेगड्या घरोघर आल्या, हे चांगलंच झालं. पण शेगडी आली म्हणून चूल गेली का? मी ज्या घरांत जाते तिथे चहा गॅसवर होतो, आणि भाकरी, मटण आणि आंघोळीचं पाणी लाकडावर. बंब तर अजून धडाक्यात चालतो, आणि त्यात लाकडाबरोबर दुधाच्या पिशव्या, चपला, काय वाटेल ते जातं. दुसरं सिलिंडर भरायला पैसे नसतात हे कारण आहे, आणि ते खरं कारण आहे. म्हणून बायकांना 'चूल वापरू नका' असं पत्रक वाटणाऱ्यांची मला चीड येते. पत्रकाने रिफिल येत नाही.

आता कारखान्याकडे चला. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी इथल्या यंत्रमागांच्या शेडमध्ये बारा-बारा तासांच्या पाळ्या चालतात. सकाळी आत गेलेला माणूस संध्याकाळी बाहेर येतो तेव्हा भुवयांवर कापसाचे तंतू बसलेले असतात. भुवयांवरचे दिसतात, आतले दिसत नाहीत. कापसाच्या धुळीने होणाऱ्या फुप्फुसाच्या आजाराला बिसिनोसिस म्हणतात. सुटीनंतर कामावर पहिल्याच दिवशी छाती आवळून येते, ही त्याची जुनी खूण. १९४८ च्या कारखाना कायद्यात, ज्या आजारांची नोंद सरकारला द्यावीच लागायची, त्या यादीत त्याचं नाव होतं. पण शेड लहान, कामगार रोजंदारीवर, हजेरीचं रजिस्टर नाही, तर नोंद कोण देणार आणि कोणाला? सूत कडक करणाऱ्या सायझिंगच्या बॉयलरमध्ये प्लास्टिकचा कचरा जाळल्याच्या तक्रारी मालेगावात वर्षानुवर्षं होत आल्या आहेत. मुंबईत देवनारच्या कचऱ्याच्या डोंगराला जानेवारी २०१६ मध्ये आग लागली, तेव्हा धूर उपग्रहाच्या छायाचित्रांत दिसला आणि महापालिकेने शाळा बंद ठेवल्या. बाकीच्या शहरासाठी ती काही दिवसांची बातमी होती. गोवंडी, शिवाजीनगर, मानखुर्दचे लोक त्या डोंगराच्या पायथ्याशी आधीही राहत होते आणि नंतरही राहिले.

यात क्षयाची भर. ज्याला एकदा फुप्फुसाचा क्षय होऊन गेला, त्याला औषधं पूर्ण करूनही पुढे सीओपीडी होण्याचा धोका जास्त असतो. असे रुग्ण वर्षानुवर्षं 'परत टीबी तर नाही ना' याच भीतीत बेडके तपासत फिरतात. बेडके साफ निघतात, सगळ्यांना हायसं वाटतं, आणि धाप तशीच राहते.

विडीला मी सोडते आहे असं समजू नका. विडी सीओपीडी करते, सिगारेट करते, आणि 'पाण्यातून गाळून येतो' म्हणून ओढला जाणारा हुक्काही करतो. विडी सोडली की गेलेलं फुप्फुस परत येत नाही, पण उतरणीचा वेग कमी होतो, आणि हे साठाव्या वर्षी सोडली तरी होतं. मला एवढंच म्हणायचं आहे की विडी ओढणाऱ्या रिक्षावाल्या चाचांना जेवढ्या जोरात आपण बोल लावतो, तेवढ्या जोरात सरकारलाही लावा. सप्टेंबर २०२५ मध्ये जीएसटी परिषदेने विडीवरचा कर २८ टक्क्यांवरून १८ टक्क्यांवर आणायचं ठरवलं, तेंदूपानावरचा १८ वरून ५ वर. औषधांवरचा करही त्याच बैठकीत उतरला, ते स्वागतार्ह. पण विडी स्वस्त करताना नाव घेतलं गेलं ते विडी कामगारांच्या रोजगाराचं. सोलापूरच्या, सिन्नरच्या, संगमनेरच्या बायका मांडीवर सूप घेऊन दिवसभर तंबाखूची धूळ नाकात ओढतात. त्यांची एवढी काळजी होती तर त्यांच्या मजुरीत वाढ करता आली असती, आणि वर्षातून एकदा त्यांची फुप्फुसं तपासता आली असती.

तपासणीचं नाव स्पायरोमेट्री. एका यंत्राला जोडलेल्या नळीत पूर्ण छाती भरून जोरात फुंकायचं आणि शेवटपर्यंत फुंकत राहायचं. एकूण किती हवा बाहेर आली आणि त्यातली पहिल्या सेकंदात किती आली, हे यंत्र मोजतं. नळ्या उघडणारं औषध दिल्यानंतरही पहिल्या सेकंदातला वाटा ७० टक्क्यांपेक्षा कमी राहिला, आणि लक्षणं व धूळ-धुराचा इतिहास जुळत असला, तर सीओपीडी. सुई नाही, रक्त नाही, अर्ध्या-पाऊण तासाचं काम. जिने चाळीस वर्षं फुंकणी फुंकली, तिला या नळीत एकदा फुंकायला लावायचं आपल्याच्याने होत नाही.

गंमत म्हणजे, सरकारला हे सगळं माहीत आहे. तुमच्या दारात आशाताई येते, तीस वर्षांवरच्या माणसांसाठी एक फॉर्म भरते. तो फक्त बीपी-शुगरचा नाही. त्यात स्वयंपाकाला कोणतं इंधन वापरता, हा प्रश्न छापलेला आहे: लाकूड, शेण्या, कोळसा, रॉकेल की गॅस. धूर-धुळीच्या ठिकाणी काम करता का, हाही आहे. धाप लागते का, हाही आहे. मग पुढे? आशाताईने 'लाकूड' आणि 'धाप लागते' यांवर खूण केली, फॉर्म वर गेला, आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात फुंकायचं यंत्रच नाही. सॅल्ब्युटामॉल, टायोट्रोपियम, ब्युडेसोनाइड-फॉर्मोटेरॉल ही श्वासातून घ्यायची औषधं राष्ट्रीय अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. यादीत आहेत, खिडकीवर नाहीत. खिडकीवर गोळ्या मिळतात.

मग माणूस इंजेक्शनवाल्याकडे जातो. त्याला मी तरी किती शिव्या देऊ? रात्री दोनला तोच दार उघडतो. डेरीफायलीन आणि डेक्सामेथासोन टोचतो, दोन तासांत बरं वाटतं, शंभर-दोनशे रुपयांत काम होतं. आजार उसळतो तेव्हा डॉक्टर पाचेक दिवस स्टेरॉइडच्या गोळ्या देतात, ते वेगळं आणि योग्य. पण दर आठवड्याला स्टेरॉइड टोचून घेणारी माणसं पाच वर्षांनी माझ्याकडे येतात तेव्हा शुगर वाढलेली, हाडं ठिसूळ, डोळ्यांत मोतीबिंदू आणि पायांत उभं राहायचं बळ नाही. फुप्फुस तर जिथे जायचं तिथे गेलेलंच असतं. आणि जूनमध्ये हैदराबादला जिवंत मासा गिळायला जाणाऱ्या गाड्या आपल्याकडूनही भरून जातात, त्याबद्दल बोलले तर शब्द अपुरे पडतील.

इनहेलर दिला की म्हणतात, "एकदा लागला की सुटत नाही." चष्माही सुटत नाही, त्याला कोणी व्यसन म्हणत नाही. सॅल्ब्युटामॉलची एक गोळी असते ४ मिलिग्रॅमची. इनहेलरच्या दोन फवाऱ्यांत मिळून औषध असतं ०.२ मिलिग्रॅम. गोळीच्या विसावा हिस्सा, आणि तेही जिथे लागतं तिथेच जातं. हात थरथरणं, छाती धडधडणं हे गोळीने जास्त होतं. तरी घरात गोळी चालते आणि इनहेलर लपवावा लागतो, कारण मुलीचं स्थळ बघायला लोक येणार असतात. आईच्या उशाशी इनहेलर दिसला म्हणून रिश्ता मोडल्याचं मी स्वतः ऐकलं आहे. मुलगा बीएस्सी होता.

रमजानचा प्रश्न दरवर्षी येतो, म्हणून स्पष्ट लिहिते. इनहेलरने रोजा तुटतो की नाही, यावर उलेमांमध्ये दोन मतं आहेत. त्यात पडण्याचा मला अधिकार नाही, तुमच्या भरवशाच्या आलिमांना विचारा. पण आजारी माणसाला रोज्यातून सवलत आहे, आणि ज्याला पुढेही शक्य होणार नाही त्याच्यासाठी फिदिया आहे, यावर दोन मतं नाहीत. शिवाय रोज घ्यायचे बहुतेक इनहेलर दिवसातून एकदा किंवा दोनदाच असतात. ते सहरीला आणि इफ्तारनंतर घेता येतात. वेळा रमजानच्या आधीच डॉक्टरांकडून बसवून घ्या. स्टेरॉइडवाला इनहेलर घेतला की चूळ भरावी लागते, नाहीतर तोंडात पांढरे चट्टे येतात. वुजूच्या आधी घेतला तर कुल्ली आपोआप होते. मात्र भर दुपारी धाप लागली, ओठ निळे पडू लागले, आणि घरातले 'आता दोनच तास राहिले' म्हणून थांबवत असतील, तर ते दीन सांभाळत नाहीत. त्या वेळी इनहेलर द्यायचा आणि गाडी काढायची.

आता जे लिहायला मी हा लेख घेतला ते. आपल्या समाजाला ऑक्सिजन द्यायला येतं. कोविडच्या दुसऱ्या लाटेत, २०२१ मध्ये, मशिदींनी, अंजुमनांनी, पोरांच्या ग्रुपांनी रात्र-रात्र सिलिंडर पोहोचवले, माणसाचं नाव आणि जात न विचारता. मला त्याचा अभिमान आहे. पण तेव्हापासून आपली समजूत अशी झाली आहे की श्वासाच्या आजाराचं उत्तर म्हणजे सिलिंडर. आजही एखाद्या घरात धाप वाढली की पहिला फोन सिलिंडरवाल्या भाईला जातो. भाई स्कूटरवर सिलिंडर घेऊन येतो, मास्क लावतो, आणि प्रेमाने काटा पूर्ण उघडतो.

सीओपीडीच्या रुग्णाला हे धोक्याचं असू शकतं. त्याच्या शरीरात कार्बन डायऑक्साइड आधीच साठलेला असू शकतो. गरजेपेक्षा जास्त ऑक्सिजन दिला की तो आणखी चढू शकतो, माणूस गुंगीत जातो, आणि घरातल्यांना वाटतं, चला, शांत झोप लागली. रुग्णालयात अशा रुग्णाचा ऑक्सिजन आम्ही ८८ ते ९२ टक्क्यांच्या मध्ये ठेवतो, ९९ वर नेत नाही. याचा अर्थ धाप लागलेल्याला ऑक्सिजन देऊ नका असा बिलकुल नाही. बोटाला ऑक्सिमीटर लावून बेताने द्या आणि त्याच वेळी १०८ ला फोन करा. घरी कायमचा ऑक्सिजन ज्यांना खरोखर लागतो, ज्यांची पातळी स्वस्थ बसूनही ८८ च्या वर जात नाही, त्यांना तो दिवसातून किमान १५ तास लागतो, आणि तो सिलिंडरने भागत नाही, विजेवर चालणारं कॉन्सन्ट्रेटर लागतं. २०२१ मध्ये चंद्यातून घेतलेली कॉन्सन्ट्रेटर आज जमातखान्याच्या कोपऱ्यात कापड टाकून ठेवलेली आहेत. ती बाहेर काढा, दुरुस्त करा, डॉक्टरची चिठ्ठी बघून द्या. आणि ज्या घरात देताय तिथे विडी आणि चूल त्या खोलीत नाही ना, हे आधी पाहा, नाहीतर आग लागेल.

पण हे सगळं शेवटचं टोक झालं. आपण नेमके शेवटच्या टोकाला पोहोचतो. दहा वर्षं धाप लागत असताना कोणी येत नाही, शेवटच्या दहा दिवसांत पूर्ण मोहल्ला येतो. जनाजा उचलायला खांदे कमी पडत नाहीत. ज्या पैशात दोन-चार जम्बो सिलिंडर आणि त्यांचं भाडं भागवलं जातं, साधारण तशाच पैशात हातात मावणारं स्पायरोमीटर येतं. गरीब रुग्णाचे महिन्याचे इनहेलर जकातीतून देता येतील, यंत्रासाठी जकातीचा मसला आड येत असेल तर लिल्लाहच्या पैशातून घ्या. आरोग्य शिबिर भरवताय ना? त्यात शुगर, बीपी आणि चष्मे असतात. एक फुंकायचं टेबल वाढवा, आणि त्यावर शिकलेला माणूस बसवा, कारण चुकीचं फुंकलं तर आकडाही चुकीचा येतो.

मला माहीत आहे, यावर काय बोललं जाणार. "बाजी, एवढे प्रश्न असताना हा काय मुसलमानांचा प्रश्न आहे का?" हा आजार अर्थातच मुसलमानांचा नाही. मराठवाड्यातल्या माझ्या हिंदू रुग्ण बायकांची चूल तशीच आहे आणि खोकलाही तसाच. पण २००६ च्या सच्चर अहवालात मुसलमान कामगार घरगुती आणि असंघटित धंद्यांत जास्त आहेत, हे लिहिलेलं आहे. विडी, माग, जरी, भंगार, भट्टी. धूळ तिथेच आहे, आणि तिथेच विमा नाही, कामगार डॉक्टर नाही, भरपाई नाही. सच्चर अहवाल नोकऱ्या आणि आरक्षणाच्या भाषणांत आपण शंभर वेळा वाचला. फुप्फुसाच्या बाजूने एकदा वाचून बघा.

आणि जे तुमच्यापैकी कायद्याचं किंवा समाजकार्याचं शिकत आहेत, त्यांच्यासाठी एक काम आहे, याच महिन्यात होण्यासारखं. तुमच्या तालुक्याच्या ग्रामीण रुग्णालयाला आणि जिल्हा रुग्णालयाला २००५ च्या माहिती अधिकाराखाली अर्ज करा. विचारा: स्पायरोमेट्रीचं यंत्र आहे का, कधी आलं, मागच्या बारा महिन्यांत किती जणांची तपासणी झाली, त्यात बायका किती. सॅल्ब्युटामॉल आणि टायोट्रोपियमचे इनहेलर किती आले आणि किती दिवस संपलेले होते. आशाताईंच्या फॉर्मवर धाप लागते असं लिहिलेल्यांपैकी किती जण पुढे पाठवले गेले. आणि शेवटी हेही विचारा की ते यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञाचं पद भरलेलं आहे का. यंत्र कपाटात कुलूपबंद आणि फुंकवून घ्यायला माणूस नाही, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं आहे. अर्जाची फी दहा रुपये आहे, आणि उत्तर तीस दिवसांत द्यावं लागतं.